बत्तिशी

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले की कोणाला बालपण आठवते, कोणाला आजोळ आठवते, आणि आमच्या वयाच्या माणसांना डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य आठवते. मला मात्र गेल्या वर्षापासून दात आठवतात. तुम्ही बारकाईने पाहिलेत तर तुमच्याही ध्यानात येईल, की आपला सगळा फराळ मुळी दातांची परीक्षा घेण्यासाठीच कोणीतरी योजलेला असावा. पाक पुढे गेलेला बुंदीचा लाडू, मोहन कमी पडलेली चकली, चिवड्यातले खोबऱ्याचे काप आणि ज्यांच्याबद्दल बोलताना सुगरणीचे मन राखावे लागते ते शंकरपाळे! ज्याची बत्तिशी शाबूत, त्याचीच दिवाळी.

गेल्या भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले, ताट पुढे आले. “दादा, चकली कशी झालीय ते सांग,” असे ती म्हणाली आणि मी एक मोठा तुकडा उजवीकडच्या दाढेखाली धरला. ‘कट्’ असा आवाज झाला. चकलीचा असा आवाज होणे हे तिच्या यशाचेच लक्षण, म्हणून मी मान डोलावली. पण जिभेला काहीतरी निराळे लागले. हळूच तळहातावर काढून पाहतो तो चकलीच्या तुकड्यांबरोबर आणखी एक पांढुरका तुकडा होता, आणि त्याला तीळ लागलेले नव्हते.

मी तो मुठीत मिटून घेतला आणि म्हणालो, “फक्कड झालीय.” भाऊबीजेच्या दिवशी याहून अधिक सत्य बोलण्याचा प्रघात नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. त्यामुळे घरी परतताना मला दुखण्याच्या आधी वाक्प्रचार सुचू लागले. दात धरणे, दात विचकणे, दातओठ खाणे, दातांच्या कण्या करणे, दातखीळ बसणे, दाती तृण धरणे! आपल्या भाषेने दातांना केवढे राबवून घेतले आहे! ‘दात कोरून पोट भरत नाही’ असे आपण म्हणतो खरे, पण दात कोरून ज्यांचे पोट उत्तम भरते अशी एक मंडळी असते, आणि लवकरच तिची आपली गाठ पडणार आहे, हे मला त्या वेळी उमगले नव्हते.

दुखत नव्हते तोवर मी गेलो नाही. दुखू लागले तेव्हा लवंगेचे तेल लावले. लवंगेने भागेना तेव्हा औषधाच्या दुकानातून गोळी आणली. या क्रमात मध्यमवर्गीय माणूस सहसा चूक करीत नाही. अखेर मार्गशीर्षातल्या एका रात्री दाढेने असा काही ठणका धरला, की मी दोन वाजता स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागलो. ही उठून बाहेर आली, दिवा लावला आणि म्हणाली, “अहो, उद्या जाणार आहात, का मी दोरा बांधून दाराला लावू?”

माझी टाळाटाळ अगदीच निराधार नव्हती. लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी दाताचा एक दवाखाना होता. एक खुर्ची, एक चिमटा आणि एक डॉक्टर. दात किडला असो, हलत असो वा नुसता वाकडा आलेला असो, निर्णय एकच : “काढून टाकू.” दाराशी रांगेत बसलेल्या माणसाला आतले सगळे ऐकू येई आणि त्यामुळे रांग आपोआप कमी होई. दातांचा डॉक्टर म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे तोच चिमटा उभा राहतो.

आमच्या भागात नवा निघालेला दवाखाना ‘मल्टिस्पेशालिटी’ आहे हे मी पाटीवर वाचले होते. पण दातांच्या बाबतीत ‘मल्टि’ काय असणार, असे मला वाटे. बत्तीस दात, त्यांत बहुविधता ती कितीशी? खुर्चीवर बसण्यापूर्वी भिंतीवरची नावांची नि पदव्यांची पाटी वाचली, तेव्हा माझे अज्ञान दूर झाले. दातांच्या डॉक्टरला आधी पाच वर्षे, त्यांतले शेवटचे प्रत्यक्ष उमेदवारीचे, देऊन बी.डी.एस. व्हावे लागते, पुढे तीन वर्षे एकाच शाखेला वाहून घेतले की एम.डी.एस. आणि आपल्या देशात अशा शाखा आहेत नऊ! दाताच्या मुळाचे डॉक्टर निराळे, हिरड्यांचे निराळे, वाकडे दात सरळ करणारे निराळे, कृत्रिम दात बसवणारे निराळे, मुलांचे निराळे, जबड्याची शस्त्रक्रिया करणारे निराळे, तोंडाचे रोग ओळखून क्ष-किरणांची चित्रे वाचणारे निराळे, सूक्ष्मदर्शकाखाली तोंडातल्या पेशी पाहणारे निराळे, आणि साऱ्या समाजाच्या दातांची चिंता वाहणारे निराळे. आमच्या मराठी विभागात मध्ययुगीन वाङ्मयाचा माणूस आधुनिक कवितेच्या वाटेला जात नाही, तसाच हा प्रकार.

हे शास्त्र आपल्याकडे रीतसर शिकवायला लागून फार काळ लोटलेला नाही. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यास देशातले पहिले दंतवैद्यकीय महाविद्यालय काढले, आणि या व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली ती 1948 साली. त्याआधी, आणि खेडोपाडी त्यानंतरही पुष्कळ दिवस, दात उपटण्याचे काम वैदूपासून न्हाव्यापर्यंत कोणीही करी. तेव्हा आमच्या तालुक्याच्या चिमट्याला दोष तरी किती द्यायचा?

आत गेलो. तोंडाला पट्टी बांधलेल्या तरुण डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहून थबकल्या आणि पट्टी खाली करून म्हणाल्या, “सर! मला ओळखलंत? अकरावीला तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात.”

मी ओळखले नाही, पण ओळखल्यासारखे हसलो. हसताना दाढेत कळ आली. ज्या मुलांना आपण तासाला ‘तोंड उघडू नका’ असे दरडावले, त्यांतल्याच एकीने आपल्याला ‘सर, तोंड मोठं उघडा’ म्हणावे, यात विधात्याचा काहीतरी विनोद असला पाहिजे. त्यावर कडी म्हणजे सुई हातात घेऊन त्या म्हणाल्या, “दुखलं तर बोलू नका, सर. फक्त डावा हात वर करा.” मी हेच वाक्य थोड्या फरकाने वीस वर्षे म्हणत आलो आहे.

आधी क्ष-किरणाचे चित्र निघाले आणि क्षणात समोरच्या पडद्यावर माझी दाढ सुपाएवढी दिसू लागली. डॉक्टरीणबाईंनी मला ती नकाशासारखी समजावून दिली. वरचे कवच तुटले होते आणि आतल्या मऊ गाभ्यापर्यंत, जिथे रक्तवाहिन्या नि मज्जातंतू असतात तिथवर, जंतू पोहोचले होते. “सर, दोन मार्ग आहेत. काढून टाकायची, किंवा मुळं साफ करून दाढ ठेवायची. काढणं स्वस्त आहे. पण मग शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात आणि समोरचा दात हळूहळू लांबतो. मुळं चांगली आहेत, म्हणून मी ठेवा म्हणेन. टोपीसकट 13,000 होतील.”

मी म्हटले, “ठेवा.” घरात हिने आधीच सांगून ठेवले होते, “तिथे बसून घासाघीस करू नका; तुमच्या तोंडात त्यांचं हत्यार असतं.”

पुढच्या तीन खेपांत जे झाले त्याची मला जन्मभर धास्ती होती, आणि ते मला बहुतेक जाणवलेच नाही. बधिर करण्याचे जे औषध आज सर्रास वापरतात, ते स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी 1943 साली तयार केले. पूर्वी दात कोरायचे यंत्र शिलाई मशीनसारखे पायाने चालवीत. त्याचे पेटंट 1871 सालचे. 1957 साली अमेरिकेत हवेच्या जोरावर फिरणारे यंत्र बाजारात आले, आणि आताची यंत्रे मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतात. त्यांची ती शीळ ऐकू येते तेवढीच. डॉक्टरांचा हात जड पडला म्हणून जीव जाण्याचे दिवस गेले. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला होता, म्हणजे लाळ आत जाऊ नये आणि औषध घशात उतरू नये. मग केसासारख्या बारीक कानशींनी मुळांच्या नळ्या साफ झाल्या. माझ्या दाढेत तीन असाव्यात अशी अपेक्षा होती, निघाल्या चार. “सर, तुमच्यात एक जास्त आहे,” त्या म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच कोणीतरी माझ्याविषयी असे उद्गार काढले.

त्या नळ्या शेवटी ज्या पदार्थाने भरतात त्याचे नाव गटापर्चा. मलायाकडच्या एका झाडाचा हा चीक. 1850 च्या सुमारास इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राखालून तारायंत्राची तार टाकली, तेव्हा पाणी आत शिरू नये म्हणून तिला याच चिकाचे वेष्टन दिले होते. ज्याने समुद्राला थोपवले तो माझ्या लाळेला सहज थोपवील, या विचाराने मला धीर आला.

इथवर सगळे छान झाले. परंतु दाराबाहेर पडताना गल्ल्यामागे बसलेल्या गृहस्थांनी मला थांबवले आणि एक चकचकीत घडीपत्रिका पुढे केली. दात शुभ्र करण्याची दिवाळी सवलत, हसणे सुंदर करण्याची योजना, सुलभ मासिक हप्ते! त्यांनी माझ्या दातांच्या पिवळेपणाकडे ज्या कळवळ्याने पाहिले, तसे आतल्या डॉक्टरांनीही पाहिले नव्हते. मी पत्रिका घडी करून खिशात ठेवली. तेव्हापासून मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत, ते वाचकांनाही उपयोगी पडावेत. एक, हे केले नाही तर काय होईल? दोन, याला दुसरा उपाय कोणता? तीन, हे काम करणार कोण, आणि त्यांचे शिक्षण कशातले? चांगला डॉक्टर या तिन्हींची उत्तरे न चिडता देतो. हत्यारांची पाकिटे आपल्यासमोर फोडा, असेही खुशाल सांगावे. वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक झालेल्या पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो, तो आपल्यालाही दिसतो. आणि ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी संकोच न करता मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या ठिकाणच्या सरकारी दंत महाविद्यालयांचा रस्ता धरावा. तिथे विद्यार्थ्यांचे हात असतात, पण त्यांच्या मागे अध्यापकांचे डोळे असतात. वेळ जास्त लागतो, पैसा पुष्कळ कमी.

एकदा घराला दाताच्या डॉक्टरांची वाट माहीत झाली की एकेकाचा नंबर लागतो. आमची कन्या तेरा वर्षांची. फोटो काढताना ती ओठ मिटून घेते हे मला दिसत होते, पण मी त्याला पोक्तपणा समजत होतो. तिचे सुळे वरच्या मजल्यावर राहायला गेले होते. तिला तारा बसवल्या. ती तार निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रणाची असते. वाकवली तरी ती आपला मूळचा आकार विसरत नाही आणि त्या आकाराकडे परतता परतता दातांनाही रांगेत ओढून आणते. हा धातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत निघाला. आता तो आठवीतल्या मुलींच्या तोंडात असतो. मुदत दोन वर्षे, आणि तेवढा काळ चिक्की, चॉकलेट, कडक पेरू वर्ज्य.

आता राहिली आई. आणि खरे म्हणजे हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. वरच्या दातांची कवळी बारा वर्षांपूर्वीची, खाली स्वतःचे पाच-सहा दात. ती कवळी अलीकडे ढिली झाली होती. दात गेले की जबड्याचे हाड वर्षावर्षाने झिजत जाते, तेव्हा कालची कवळी आज सैल पडणारच. बोलताना ती खाली येई आणि आईच्या तोंडचे ‘त, थ, द, ध’ घरंगळत. वर्गात मी मुलांना शिकवतो, की जिभेचे टोक दातांना टेकले म्हणजे दंत्य वर्ण उमटतात. टेकायला दातच नसले तर वर्णांनी जायचे कुठे, हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. नातीचे नाव ‘त’ने सुरू होते. आई अलीकडे तिला ‘पोरी’ म्हणू लागली होती. त्याचे कारण हे होते.

जानेवारीत तिला घेऊन गेलो. तिने खुर्चीत बसतानाच बजावले, “बाई, कवळी तेवढी घट्ट करा. बाकी कशाला हात लावायचा नाही.” डॉक्टरीणबाई हसल्या, कवळी काढून घेतली, आणि मग त्यांनी ते केले जे तालुक्याच्या त्या दवाखान्यात कोणी कधी केले नव्हते. त्यांनी दात सोडून बाकीचे सगळे तोंड पाहिले. जीभ कापडात धरून दोन्ही बाजूंनी, जिभेखाली, गालांच्या आत, टाळू, शेवटी खालचा ओठ बाहेर ओढून. तिथे त्या थांबल्या. जरा वेळ काही बोलल्या नाहीत. कापसाने ती जागा पुसून पाहिली.

“आजी, मिश्री लावता का?”

“दात घासण्यापुरती,” आई म्हणाली.

“दिवसातून किती वेळा दात घासता?”

आईने उत्तर दिले नाही. मी दिले. “चार-पाच वेळा तरी.”

मिश्री म्हणजे काय हे आजच्या शहरी मुलांना सांगावे लागेल. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची, आणि ती बोटाने हिरड्यांना चोळत बसायचे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी दुपारच्या वेळी घरोघर तो वास येई आणि बायका पडवीत बोट तोंडात घालून सुखदुःखाच्या गोष्टी करीत. बिडी ओढणारी बाई दिसली तर गाव नावे ठेवी. मिश्रीला कोणी तंबाखू मानीतच नसे. दाढ दुखते म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून, बाळंतपणानंतर डोके धरते म्हणून, कोणीतरी वडीलधारी बोटभर देई. आईला ती आजीने दिली. तेव्हा आई एकोणीस वर्षांची होती. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 साली बंदी केली, राज्यात गुटख्यावर 2012 साली बंदी आली. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोहोचणार?

डॉक्टरीणबाईंनी मला आरशात ती जागा दाखवली. ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत, करंगळीच्या नखाएवढा, पांढरा, किंचित सुरकुतलेला डाग. पुसून न जाणारा. “असे बहुतेक डाग पुढे काही करत नाहीत,” त्या म्हणाल्या, “पण काही करतात. आणि कोणता करील ते नुसतं बघून सांगता येत नाही. तुकडा काढून तपासावा लागेल. दर गुरुवारी आमच्याकडे तोंडाच्या रोगांचे तज्ज्ञ येतात.”

गुरुवारी तुकडा काढला. जागा बधिर केली, चण्याच्या डाळीएवढा कण काढून बाटलीत घातला, दोन टाके घातले. पंधरा मिनिटांचे काम. अहवाल आठ दिवसांनी.

परतताना रिक्षात आई बराच वेळ बाहेर पाहत होती. मग म्हणाली, “तुझ्या आजीला शेवटी गिळता येत नव्हतं. आठवतं का तुला? तेव्हा सगळे म्हणायचे, घशात गाठ आली.”

मला आठवत होते. मी “हूं” म्हणालो.

त्या आठ दिवसांविषयी लिहिणे मला जड जाते. शब्दांवर पोट भरणारा माणूस मी. पण एक शब्द होता तो आमच्या घरात आठ दिवस कोणी उच्चारला नाही. ‘ते’ असे म्हणत होतो. “ते नसेल.” “ते असतं तर दुखलं असतं.” हे दुसरे वाक्य तर साफ खोटे, कारण सुरुवातीला ते दुखत नाही, हेच त्याचे कपट.

मला दुसरेच काहीतरी खात होते. आठ-नऊ वर्षांचा असताना आई माझ्या हातावर पैसे ठेवून म्हणे, “दुकानातून तंबाखूची पुडी आण, उरलेल्याचं तुला काहीतरी घे.” मी लिमलेटच्या गोळ्या घेई. पुढे नोकरी लागली, बिऱ्हाड शहरात आले, तेव्हापासून दर महिन्याची वाण्याची यादी मी माझ्या हाताने लिहीत आलो. पोहे, साखर, रवा, शेंगदाणे, आणि तळाशी, ‘आईची तंबाखू’. वीस वर्षे! वर्गात उभा राहून मी व्यसनांवर व्याख्याने दिली, निबंध तपासले, चांगल्या वाक्यांना लाल शाईने बरोबरच्या खुणा केल्या. घरी आईला एकदाही म्हणालो नाही, की आता पुरे. तिला वाईट वाटेल म्हणून नव्हे. ती यादीतली एक ओळ होऊन बसली होती म्हणून.

अहवाल आला. ‘ते’ नव्हते. पण पेशींत सौम्य बदल दिसत होते. तज्ज्ञांनी आईला समोर बसवून, मला बाजूला न घेता, तिलाच सांगितले, “आजी, ही वाटेवरची पाटी आहे. इथून परत फिरता येतं. मिश्री पूर्ण बंद, आणि दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं.” मला त्या डॉक्टरांचे हे फार आवडले. आपण वडीलधाऱ्यांचा आजार त्यांच्यापासून चोरून ठेवतो आणि त्याला माया म्हणतो.

पण आई ती आईच. घरी येऊन म्हणाली, “पंचावन्न वर्षांची सोबत आहे. तुझे वडील गेले, गाव सुटलं, ही राहिली. आता कशाला?”

याला मराठीच्या प्राध्यापकापाशी उत्तर नव्हते. ते निघाले कन्येपाशी. ती आपल्या तारांना अडकलेले काहीतरी आरशात पाहून काढीत होती. तिथूनच म्हणाली, “आजी, मी दोन वर्षं चिक्की खायची नाही. तू मिश्री लावायची नाहीस. जी आधी खाईल ती हरली.”

“तुझी दोन वर्षांनी सुटेल. माझं काय?” आई म्हणाली.

“मग मी तुझ्याबरोबर पुढेही नाही खाणार.”

आईने तिच्याकडे पाहिले. मग उठली, आणि पत्र्याची ती डबी आणून तिच्या हातात दिली.

हे वाचायला जितके गोड वाटते तितके सोपे गेले नाही. पहिले पंधरा दिवस आई कोणाशी धड बोलली नाही. पोट बिघडले, झोप उडाली, भांड्यांचे आवाज वाढले. भाजलेला ओवा आणि बडीशेप यांची पूड करून तिने तिच्यात बोट घालायला सुरुवात केली, कारण बोटाला कुठेतरी जायचे होते. होळीच्या सुमारास हिला पिठाच्या डब्यामागे एक पुडी सापडली. शेजारच्या कामवाल्या मावशींकडून मागवलेली. ही ओरडली नाही. तिने ती पुडी कन्येपुढे ठेवली. कन्येने ‘कालनिर्णय’वरच्या आजीच्या रकान्यात त्या दिवशी एक शून्य काढले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फुल्या सुरू केल्या. आईने ते शून्य पाहिले. त्यानंतर दुसरे शून्य आलेले नाही.

मध्यंतरी कवळीही नवी झाली. त्यासाठी पाच खेपा झाल्या. मापे घेणे, चावा जुळवणे, मेणावर दात लावून पाहणे. जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवून त्यांवर दात पक्के करता येतात हेही त्यांनी सांगितले. ब्रॅनमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाला 1952 साली सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची कुपी निघता निघेना. हाडाने तिला आपलेसे केले होते. त्या अनुभवातून 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे दात बसवले. मी हे सगळे आईला रंगवून सांगितले. ती म्हणाली, “सशाला बसव.” तेव्हा साधी कवळीच ठरली.

एप्रिलमध्ये पहिली तपासणी झाली. डाग तेवढाच होता. जुलैत तो फिकट झाला होता. गेल्या आठवड्यातल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंना तो शोधावा लागला. “पण तपासणी चुकवायची नाही हं, आजी,” त्या म्हणाल्या. आई म्हणाली, “नाही चुकवत.” दोन्ही वाक्यांतले ‘त’ स्पष्ट उमटले.

दर आठवड्याच्या सदरात मी उपदेश करीत नाही. दिवाळी अंकात संपादक पाने जास्त देतात म्हणून एवढा करतो. तोंडातला पांढरा किंवा लाल डाग, किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मग ती दुखो वा न दुखो, डॉक्टरांना दाखवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कवळीच्या निमित्ताने का होईना, एकदा त्या खुर्चीवर बसवा आणि सांगा, की नुसते दात नको, सगळे तोंड पाहा. आणि या महिन्याची वाण्याची यादी लिहाल तेव्हा तळाची ओळ एकदा वाचा.

आमच्याकडे काल चकल्या झाल्या. आईने पहिला घाणा खाली उतरताच एक चकली उचलली, नव्या कवळीखाली धरली, आणि आम्ही सगळे श्वास रोखून पाहू लागलो. ‘कट्’ असा आवाज झाला. आईने सावकाश चावून घोट गिळला आणि म्हणाली, “मोहन बरोबर पडलंय. डॉक्टरीणबाईंसाठी एक डबा भरा.”

मग माझ्याकडे पाहून पुढे म्हणाली, “कडक बघून भर रे. त्यांचं घर चालायला हवं.”